घरी न्या म्हटल्यावर

आक्का सकाळी साडेनऊला दवाखान्यात आल्या. बाहेर बाकावर आठदहा पेशंट बसलेले, पण त्यांनी नंबर वगैरे काही विचारला नाही, सरळ आत आल्या, टेबलावर एक जाड फाईल ठेवली आणि म्हणाल्या, "घरी आणलंय. आता काय करायचं?"

ही २००८ ची गोष्ट. माझा दवाखाना सांगलीत गावभागात, आणि आक्का-तात्या तिथून दोन गल्ल्या सोडून राहायचे. तात्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, शांत माणूस, अक्षर एकदम सुंदर, आणि डाव्या गालात कायम तंबाखू. त्या गालातच कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शेक देऊन झाले, सलाईनमधून औषधं झाली, आक्कांच्या पाटल्या मोडून झाल्या, आणि दीड वर्षानं एका मोठ्या हॉस्पिटलातनं फाईलच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून मिळाल्या की आता आजारावर उपचार नाहीत, लागेल तसं दुखण्याचं औषध द्यावं. तोंडी सांगताना कुणीतरी ते अजून थोडक्यात सांगितलेलं. घरी न्या.

मी त्यांची फॅमिली डॉक्टर. नातवंडांचे ताप-खोकले, आक्कांचं बीपी, तात्यांची शुगर, धाकट्या सुनेची कंबर, सगळं माझ्याकडेच. त्यामुळे आक्का तो प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या हे बरोबरच होतं, पण मला उत्तर येत नव्हतं. मी काय केलं तर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. तीनचार तास बरं वाटलं, मग परत सुरू. मग ट्रामाडॉल दिलं, मग झोपेची गोळी दिली, मग दोन्ही एकत्र दिलं. रात्री तात्यांचं कण्हणं गल्लीत ऐकू यायचं. पंधराएक दिवसांत गालावरची जखम बाहेरून फुटली आणि तिचा वास घरभर पसरला, उदबत्त्या लावून लावून भिंत काळी झाली, नातवंडं दारातनंच "आजोबा" म्हणून हाक मारायची आणि पळायची. तात्यांनी स्वतःच मग तोंड भिंतीकडे करून झोपायला सुरुवात केली.

दवाखाना बंद करून घरी जायचा माझा रस्ता त्यांच्या दारावरूनच जायचा. मी मागच्या गल्लीनं जायला लागले. कुणी बोलावलं नाही तर आपणहून जायचं नाही असं मनाशी ठरवल्यासारखं झालं होतं, कारण गेलं की आक्का विचारणार अजून काही देता येईल का, आणि माझी बॅग रिकामी. घरी आणल्यापासून २४ व्या दिवशी तात्या गेले. मी जाऊन दाखला लिहून दिला, आक्कांच्या हातावर हात ठेवला, "सुटले" असं म्हणाले, आणि परत दवाखान्यात येऊन पुढचा पेशंट बघितला.

आता एवढ्या वर्षांनी मला स्वतःला डिफेंड करायचं नाहीये, पण आम्हाला काय शिकवलं होतं ते सांगायला हवं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं. त्यात बरं कसं करायचं ते शिकवलं, मृत्यू झाला हे कसं ओळखायचं ते शिकवलं, आणि या दोन्हीच्या मधले जे आठवडे किंवा महिने असतात, ज्यात माणूस बरा होणार नाहीये आणि अजून गेलेलाही नाहीये, त्याबद्दल एक तासही नाही. मॉर्फिन फार्माकॉलॉजीच्या पेपरात होतं. श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, व्यसन लागतं, हे सगळं लिहून मी मार्क मिळवलेत. पण मॉर्फिनची साधी गोळी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती वयाच्या ४२ व्या वर्षी, तीसुद्धा केरळात.

याच्यामागं कारण आहे. १९८५ साली आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा आला. हेतू व्यसन आणि तस्करी रोखायचा, पण मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले आणि चुकीला इतकी जबर शिक्षा की हॉस्पिटलांनी आणि औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडून दिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ ला, जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन. म्हणजे जग ज्या पायरीकडे बोट दाखवत होतं ती पायरी आपण आदल्याच वर्षी कुलपात घातलेली. आणि हे कुठल्या देशात, तर जिथं औषधासाठी म्हणून सरकारच्या परवानगीनं अफू पिकवतात, नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत. आपल्याच मातीत पिकलेलं औषध आपल्या गल्लीतल्या माणसाला मिळत नव्हतं, याचा मला अजूनही राग येतो. २०१४ मध्ये कायदा बदलला, चारपाच परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था अशी एकच पद्धत आली. पण डॉक्टरांच्या डोक्यातली भीती कायदा बदलला म्हणून लगेच जात नाही, माझीही गेली नव्हती.

२०१५ ला मी केरळात सहा आठवड्यांच्या कोर्सला गेले. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी माणसाचं दुखणं कमी करून त्याला सांभाळणं, हा शब्द मी तोपर्यंत दोनतीनदाच ऐकला होता, मराठीत त्याला परिहार सेवा किंवा वेदनाशामक सेवा असं काहीतरी म्हणतात पण पेशंटच्या घरात हा शब्द कधीच वापरला जात नाही, तिथं "डॉक्टरबाई बघायला येतात" एवढंच. जाताना सासूबाई म्हणाल्या, "चालता दवाखाना बंद करून मरणाचं शिकायला जाणार?" त्यांना वाईट वाटलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तात्यांचं नाव घेतलं, मग त्या काही बोलल्या नाहीत, चिवड्याचा डबा भरून दिला.

केरळच का, तर हे काम आपल्या देशात तिथं जेवढं घराघरात पोचलंय तेवढं दुसरीकडे नाही. पहिलं हॉस्पिस, म्हणजे अशा पेशंटना शेवटच्या दिवसांत सांभाळणारं घर, खरंतर आपल्याच मुंबईत सुरू झालं, १९८६ ला बांद्र्याला शांती अवेदना सदन. पण कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी सोसायटी सुरू केली, तिथून पुढे हे काम इमारतीत राहिलं नाही, ते गावातल्या लोकांनी अंगावर घेतलं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची मुलं, आठवड्यातले दोन तास देणारी माणसं. २००८ ला तर केरळ सरकारनं त्याचं धोरणच केलं. ज्या वर्षी मी मागच्या गल्लीनं जात होते त्याच वर्षी.

तिथं पहिल्या दिवशी आम्हाला जीपमधून होम केअरला पाठवलं. एक नर्स, एक ड्रायव्हर, एक व्हॉलंटिअर आणि मी. मला मल्याळम येत नाही. आधी वाटलं की हा तर पत्ता कट, बोलताच येणार नाही तर शिकणार काय, पण झालं उलटंच, बोलता येत नव्हतं म्हणून मला गप्प बसून बघावं लागलं. सोळा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पेशंटच्या चेहऱ्याकडे सलग पाच मिनिटं कधी बघितलं नव्हतं. कपाळाला आठी कधी पडते, कूस बदलताना कुठला हात मुठीत जातो, बायको खोलीत आली की श्वास कसा बदलतो. सगळं दिसतं. आपण तेव्हा केसपेपरवर लिहीत असतो.

दुसऱ्या की तिसऱ्या घरात एका माणसाला अगदी तात्यांसारखीच गालाची जखम होती. वासही तसाच. मी दारातच अडखळले. नर्सनं पिशवीतनं एक गोळ्यांची स्ट्रिप काढली, दोन गोळ्या दोन चमच्यांच्या मध्ये धरून बारीक पूड केली, जखम सलाईनच्या पाण्यानं धुतली आणि ती पूड जखमेवर भुरभुरून वर स्वच्छ पट्टी ठेवली. मी स्ट्रिप हातात घेऊन नाव वाचलं. मेट्रोनिडॅझोल. जुलाबावर, आमांशावर देतो ती. सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी एक. वास करणारे जे जंतू असतात ते तिनं मरतात, रोज पट्टी बदलली तर चारसहा दिवसांत वास बराच कमी होतो. ही गोळी माझ्या दवाखान्यात खालच्या ड्रॉवरमध्ये डब्यानं होती. तात्यांची नातवंडं दारातनं पळत होती तेव्हाही होती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला रडू आवरेना. ड्रायव्हरला वाटलं मला वास सहन झाला नाही, त्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

मॉर्फिन नव्हतं ते कायद्यामुळे, हे मी स्वतःला सांगू शकत होते. ही गोळी नव्हती असं मला म्हणता येत नाही.

कोर्समध्ये सिसिली साँडर्स यांच्याबद्दल शिकवलं. इंग्लंडमधल्या या बाई आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे हॉस्पिटलात समाजसेविका, मग १९५७ ला डॉक्टर, आणि १९६७ ला त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. १९४८ ला एका मरणाऱ्या पोलिश वेटरनं त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले होते, तुमच्या त्या घरात माझी एक खिडकी असू दे म्हणून, तेव्हा घर कुठं होतं, नुसता विचार होता, पुढे एकोणीस वर्षं लागली. वेदना म्हणजे नुसतं शरीराचं दुखणं नाही, त्यात मनाचं, घरच्यांचं, पैशाचं, देवाशी चाललेल्या भांडणाचं सगळं दुखणं मिसळलेलं असतं हे त्यांनी मांडलं. ऐकताना मला हे थोडं पुस्तकी वाटलं होतं. नंतर नाही वाटलं, कारण पुढे डिग्रज गावात ते समोर घडलं, ते सांगते.

परत आल्यावर पहिली अडचण आकड्यांची आली. कोर्समध्ये शिकवलेलं की पेशंटला विचारा, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. आमच्याकडच्या आज्या म्हणायच्या, "दुखतंय की लई, त्येला काय आकडा असतोय?" मग एकदा एक आजोबा आपणहून म्हणाले, "काल रुपयातलं चौदा आणं दुखत हुतं, आज आठ आण्यावर आलंय." तेव्हापासून मी आण्यांत विचारते. अगदी बरोबर उत्तर येतं. माझ्या वहीत अजून तसंच लिहिलेलं असतं, सकाळी बारा आणे, रात्री चार आणे.

मॉर्फिनच्या गोळ्या मिरजेच्या एका परवाना असलेल्या हॉस्पिटलातनं मिळायची सोय झाली, पेशंटचं तिथं नाव घालायचं, तिथल्या डॉक्टरांशी बोलायचं, आणि घरी लक्ष मी ठेवायचं. घरातल्यांना समजावणं हे खरं काम. "अफूची गोळी हाय म्हणं ती?" हा पहिला प्रश्न. हो, अफूपासूनच होते. "सवय लागंल?" दुखण्यासाठी मोजून, डॉक्टरच्या नजरेखाली दिली तर व्यसनाची भीती फार थोडी, श्वासही बंद पडत नाही, सुरुवातीला दोनतीन दिवस गुंगी आणि मळमळ वाटते ती जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबरीनं द्यायचं, हे विसरलं तर पेशंट दुखण्यानं नाही तर पोटानं हैराण होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. दुखायला लागल्यावर द्यायची गोळी नाही ही, दर चार तासांनी द्यायची, दुखत असो नसो, आणि रात्री झोपताना डबल म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. आपल्याकडे सहन करण्याला मोठेपणा आहे, "आत्ता बरं वाटतंय, राहू दे गोळी" असं पेशंट म्हणतो आणि दोन तासांनी तळमळतो. एका घरात सुनेनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात सहा, दहा, दोन, सहा, दहा असं पेनानं लिहून गोळी दिली की टिक केली होती. दुधाच्या हिशोबाच्या शेजारीच. महिनाभर एक टिक चुकली नाही. ती मुलगी नववी शिकलेली.

पण सगळ्यात अवघड काय विचाराल तर औषध नाही, जेवण.

आपल्याकडे माणूस जेवत नाही म्हणजे घरच्यांचा जीव तीळतीळ तुटतो. बुधगावच्या एका घरात आजी शेवटच्या आठवड्यात होत्या, दोन मुलं, तीन मुली, सगळे जमलेले. थोरला मला म्हणाला, "सलाईन तरी लावा की डॉक्टरबाई. आई उपाशी कशी जाऊ द्यायची?" दहा वर्षांपूर्वीची मी असते तर लावलं असतं, बाटली टांगली की सगळ्यांना बरं वाटतं, डॉक्टरला पण वाटतं. पण शरीर थांबत आलेलं असतं तेव्हा ते पाणी जिरत नाही, पायाला सूज येते, छातीत भरतं, घरघर वाढते, आणि शीर सापडेपर्यंत चारचार ठिकाणी टोचायचं ते वेगळंच. मी त्या मुलाजवळ खाली बसले. म्हटलं, आईला भूक लागलीय का? तो म्हणाला न्हाई, मागतच न्हाई काय. म्हटलं मग उपाशी कशी? उपाशी म्हणजे भूक लागलीय आणि मिळालं नाही. आता शरीरानंच ते बंद केलंय, आपण न देऊन काही होत नाहीये. तो गप्प बसला पण त्याचे हात काहीतरी करायला शोधत होते, ते मला दिसत होतं, कारण दोन दिवस तो नुसता दारात उभा राहून मोबाईल चाळत होता.

आजींच्या ओठांना कोरड पडून भेगा पडल्या होत्या. मी वाटीत पाणी मागितलं, स्वच्छ मऊ कापड बोटाला गुंडाळलं, बुडवून पिळलं आणि आजींच्या ओठांवरनं, हिरड्यांवरनं, जिभेवरनं हळूच फिरवलं. आजींनी डोळे न उघडता ओठ मिटून ते चोखलं. मग ते कापड मी थोरल्याच्या बोटाला गुंडाळून दिलं. त्यानं केलं. दर तासाला करा म्हटलं, घोटभर ओतायचं नाही, ठसका लागेल, नुसतं ओलं करायचं. संध्याकाळी धाकट्या मुलीनं देव्हाऱ्यातनं गंगाजलाचं तांब्याचं गडू आणून विचारलं, हे चालेल का? ते गंगाजल आपण शेवटच्या क्षणासाठी ठेवतो ना, तुळशीचं पान ठेवून एक थेंब घालायला. मी म्हटलं चालेल की, दोन थेंब त्या वाटीत घाल. पुढचे तीन दिवस त्या पाच भावंडांनी पाळी लावून आईचं तोंड ओलं ठेवलं. सलाईनचं नाव परत कुणी काढलं नाही. मला वाटतं, मुखात पाणी घालायची पद्धत ज्यांनी पाडली त्यांना कोरड्या तोंडाचं दुखणं माहीत असणार, आपण पुढे त्याचा एकच थेंब करून टाकला.

आता डिग्रजचं. तिथला एक शेतकरी, पन्नाशीचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पाठीत आणि पोटात भयंकर दुखायचं. मुलगा मला गेटपाशीच अडवून दर वेळी सांगायचा, "आण्णांना सांगू नका. त्यांना अल्सर सांगितलाय." हे प्रत्येक घरात असतं. प्रेमानंच असतं. आणि जवळजवळ प्रत्येक घरात पेशंटला माहीत असतं, तोही घरच्यांना कळू नये म्हणून गप्प असतो. अण्णांना मॉर्फिन सुरू केलं, वाढवलं, वेळेवर घेत होते, तरी रात्री दोनला दुखून उठायचेच. दिवसा पाच आणे, रात्री पंधरा. गोळीचं गणित जुळेना.

एकदा मुलगा चहा सांगायला आत गेला तेव्हा अण्णांनी मला विचारलं, "ऊस तुटंपर्यंत निघंल का माझं?" जुनी मी म्हणाले असते, काय बोलताय अण्णा, बरं होणार तुम्ही. कोर्समध्ये एक गोष्ट घोटून घेतलेली, की उत्तर द्यायची घाई करायची नाही, त्याला काय वाटतं ते आधी विचारायचं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई निघायचं." मी नाही म्हणाले नाही. फक्त बसले. मग म्हणाले, "थोरल्या भावाशी अकरा वर्सं बोललो न्हाई. बांधावरनं. रात्री त्येच येतंय डोळ्याम्होरं."

मुलाला बाहेर घेऊन मी सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग गाडीच्या सीटवर डोकं टेकून रडला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चुलत्याला घेऊन आला. मी योगायोगानं तिथंच होते. मला वाटलं होतं दोघं गळ्यात पडतील, माफी वगैरे. तसं काही झालं नाही. थोरला भाऊ कॉटच्या पायथ्याशी बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "तोड आली का?" अण्णा म्हणाले, "पुढच्या हप्त्यात म्हणत्यात." "टोळी कुठली?" "बीडकडची." मग वाढ्याचं काय करायचं, वजनाला कुठं बसायचं, कारखान्याचा दर काय निघतोय, अर्धा तास नुसता ऊस. बांधाचं नावसुद्धा निघालं नाही. बोलता बोलता थोरल्यानं अण्णांचे पाय दाबायला सुरुवात केली होती आणि ते दोघांच्याही लक्षात नसावं. त्या रात्री अण्णा सलग झोपले. मी गोळीचा डोस बदलला नव्हता. वहीत लिहिलंय, रात्र चार आणे.

ऊस तुटायच्या आधीच अण्णा गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात माझा दवाखाना पाण्यात, वह्या, केसपेपर, सगळ्याचा लगदा. त्यावेळी माझे मॉर्फिनवरचे तीन पेशंट होते आणि मला झोप लागत नव्हती, कारण ही गोळी अचानक बंद झाली तर दुखणं तर उसळतंच शिवाय घाम, थरथर, तळमळ सुरू होते. दोघं आधीच नातेवाइकांकडे विश्रामबागेत हलले होते. तिसऱ्या मावशी पहिल्या मजल्यावर अडकलेल्या. गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी बोटीतनं जेवणाच्या पाकिटांबरोबर गोळ्या नेऊन दिल्या, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळून, वर मी वेळा लिहून दिलेल्या. त्यातल्या एका पोरानं पूर ओसरल्यावर मला विचारलं, मावशींकडे अजून गेलं तर चालेल का, नुसतं बसायला. तो अजून जातो. मावशींच्या नंतर दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. त्याला मी तोंड कसं पुसायचं, कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय बघायचं ते शिकवलंय. केरळातला तो रिक्षावाला व्हॉलंटिअर मला त्याच्यात दिसतो.

फॅमिली डॉक्टरांनी हे का करावं असं मला बरेच डॉक्टर विचारतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. व्हिजिटला तास जातो, तेवढ्या वेळात दवाखान्यात पंधरा पेशंट होतात, पैसे तर यात नाहीतच आणि बऱ्याच घरात घ्यायला हात पुढे होत नाही कारण उपचारातच सगळं विकून झालेलं असतं. पण मला या घरांची ओळख आहे. कुठल्या सुनेला झोप नाही, कुठला मुलगा दारू पितो म्हणून गोळ्या त्याच्या हातात द्यायच्या नाहीत, कुठल्या घरात निर्णय आजी घेते आणि सही आजोबा करतात, हे मला केसपेपर न बघता माहीत असतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या कितीही हुशार डॉक्टरला ते माहीत असणं शक्य नाही, त्यांचा दोष नाही. आणि अजून एक साधी गोष्ट. माणूस घरीच वारला की पहाटे तीनला दाखल्यासाठी धावाधाव होते, ओळखीचा डॉक्टर नसेल तर कुणी लिहून द्यायला तयार होत नाही, आधीच रडणाऱ्या माणसांना चार दारं वाजवावी लागतात. शेवटचे दिवस जो बघत आलाय त्यानं तो दाखला लिहावा. तेवढं तरी.

अलीकडे लोक लिव्हिंग विलबद्दल पण विचारतात, म्हणजे शेवटी आपल्याला कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला त्याला मान्यता दिली आणि २०२३ ला पद्धत थोडी सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं, मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. मी माझं करून ठेवलंय. पण कागदाच्या आधी घरात बोलणं व्हावं लागतं, आणि ते जेवायच्या ताटावर कुणी काढत नाही.

आक्का अजून माझ्याकडे येतात, बीपीच्या गोळ्यांना, महिन्यातनं एकदा. आता सत्त्याहत्तर वय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात जाऊन न बोललेलं बोलायला लावते, पण आक्कांशी मी कधी बोलले नव्हते. मागच्या पावसाळ्यात एकदा दवाखान्यात गर्दी नव्हती. पट्टा दंडाला बांधता बांधता मी म्हटलं, आक्का, तात्यांचं दुखणं कमी करता आलं असतं, मला त्यावेळी येत नव्हतं. वासाचं औषध तर माझ्याकडेच होतं. आणि मी यायचं टाळायचे.

आक्का पाऱ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. तुमी मागल्या गल्लीनं जायचा. माडीवरनं दिसायचं."

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्यांनीही समजूत घातली नाही, बरं झालं. दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला, पदर नीट केला, गोळ्या पिशवीत टाकल्या. दारापाशी जाऊन परत वळल्या.

"आमच्या शेजारी त्यो शिंपी हाय बघा, त्येच्या आईला काल घरी आणलंय. तोंड वाळलंय नुसतं. त्येला म्हटलंय मी, बाई येतील म्हणून."

मी विचारलं, किती वाजता येऊ.

"दवाखाना बंद करून जाताना या," आक्का म्हणाल्या. "म्होरल्या गल्लीनं."